मलिकाला आवडलेला गेम

मलिका लग्न होऊन आमच्या शेजारी आली, तेव्हा टेम्पोतून आधी तिची शिलाई मशीन उतरली आणि मग ती उतरली. मशीन उचलणाऱ्यांना ती सांगत होती, "चाकाला धरू नगा, खालून धरा." नव्या नवरीने असे मोठ्याने बोलावे याचे आमच्या शिवरे गावातल्या बायकांना नवल वाटले. मला मात्र ते आवडले. मी भोरच्या एसटी आगारात मेकॅनिक होतो, यंत्र कुठे धरावे आणि कुठे धरू नये हे मला कळत होते.

माहेर तिचे भोरचे. मामाच्या दुकानात बसून ती ब्लाऊज शिवायला शिकली होती. तिचा नवरा शब्बीर टेम्पो चालवायचा. पहाटे भाजी घेऊन पुण्याला जायचा आणि सकाळी परत यायचा. घर दोन खोल्यांचे. पुढची खोली रस्त्याकडे, तिला मोठी खिडकी. मागची खोली स्वयंपाकाची आणि अंधारी. तिला एक मागचे दार होते, पण ते माझ्या अंगणात उघडायचे आणि तिथे माझी म्हैस बांधलेली असायची, म्हणून ते कायम बंद.

पहिली काही वर्षे मशीन खिडकीत होती. मग शब्बीरने पुण्यातल्या बुधवार पेठेतून दोन टीव्ही गेम आणले, जुने दोन टीव्ही आणले, आणि पुढच्या खोलीत दुकान काढले. टीव्हीला जोडायचे एक खोके, त्यात वरून कॅसेट घालायची आणि हातात रिमोट धरून खेळायचे. शाळा सुटली की पोरांची रीघ लागायची. उजेडाने टीव्हीवर काही दिसत नाही म्हणून शब्बीरने खिडकीला गोणपाट ठोकले. मशीन मागच्या खोलीत चुलीशेजारी गेली.

तिथे मलिकाचे काम बसत चालले. काळ्या कापडावर काळा दोरा तिला दिसेना. ब्लाऊजना धुराचा वास लागू लागला. आणि पुढच्या खोलीत एवढी पोरे बसलेली असताना त्यांच्यातून वाट काढत माप द्यायला कोण बाई येणार? एकेक जण नसरापूरच्या टेलरकडे जाऊ लागली. मलिका हे सगळे माझ्या बायकोला, रत्नाला, कुंपणावरून सांगायची. रडत नव्हती, चिडून सांगायची.

सन दोन हजारची गोष्ट. त्या वर्षी रमजान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबर संपता संपता. जानेवारीतल्या ईदेला मी शीरखुर्मा प्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. नवरा-बायकोचे आधीच जुंपलेले होते.

"पोरांना नादी लावायचं डबडं हाय ते," मलिका म्हणाली.

"अगं, तू एकदा हातात धरून तर बघ," शब्बीर म्हणाला. "न बघता नावं ठेवती."

"बघते की. पुढच्या ईदेपर्यंत तुमी आणाल ती एकेक कॅसेट बघते. त्यातली एकबी आवडली न्हाई, तर हे दुकान बंद आन माझी मशीन परत खिडकीत."

"आन आवडली तर?"

"तर मी खिडकीचं नाव काढनार न्हाई."

शब्बीर हसला. "आवडली तरी तू न्हाईच म्हननार. कोन बघायला येतंय?"

"ईदच्या दिवशी मी खोटं बोलीन व्हय?" मलिकाचा आवाज चढला. "तात्या हायेत साक्षीला."

मला कोणाच्या मध्ये पडायला आवडत नाही. पण हातात शीरखुर्म्याची वाटी होती. मी मान हलवली.

शुक्रवारी दुपारी शब्बीर नमाजाला नसरापूरला जाई, तेव्हा दुकान बंद असे. तेवढ्यात मलिका एक कॅसेट लावायची आणि संध्याकाळी कुंपणाशी येऊन आम्हाला तिचा निकाल सांगायची. मला वाटले होते, ती दोन मिनिटे बघून "न्हाई आवडली" म्हणून मोकळी होईल. तसे झाले नाही. ती नीट खेळायची.

मारामारीच्या गेमबद्दल ती म्हणाली, "दोघं एकमेकाला बुकलतात, पण भांडण कशावरनं हाय ते कुनी सांगत न्हाई. शेतीच्या बांधावरनं असंल का?"

गाड्यांच्या शर्यतीबद्दल म्हणाली, "गाडी आपटली, पलटी झाली, तरी डायवर परत सीटवर! आमच्या ह्यांना दावू नगा, कात्रजच्या घाटात तसंच करतील."

विटा पडतात आणि त्या बसवायच्या असतात असाही एक गेम होता. मला वाटले, कापडाचे तुकडे बसवणाऱ्या बाईला हा आवडेल. तर म्हणाली, "भिंतीची ओळ पुरी भरली की ती गायब हुती. मंग बांधायची कशाला? गवंड्यानं असं केलं तर त्याला कुनी ठेवून घेईल का?"

उड्या मारत पळणाऱ्या माणसाचे तीन-चार गेम तिने बघितले. तिथे तिची एकच तक्रार. "ह्यो गडी नुसता उजवीकडंच जातो. मागं एक झाड बघितलं हुतं, त्याच्याकडं परत जायचं म्हनलं तर पडदा अडवतो. कुनी घातली असंल ही अट?"

मी म्हटले, "असेल काहीतरी कारण."

"व्हय, पन काय?" ती म्हणाली. नंतर दोन दिवस मी त्याच विचारात होतो. आयुष्यभर पुढे जाणारी वाहने दुरुस्त केली, पण त्यांनाही रिव्हर्स गिअर असतोच.

नोव्हेंबर सरता सरता रमजान सुरू झाला. शब्बीरने पुण्याहून एक कॅसेट आणली होती, ती पोरांनी एकदा लावून बाजूला टाकली होती. तिच्यात कोणी मरत नव्हते, म्हणून. निळे पाणी, त्यात एक होडी, होडीत एक बारीकसा माणूस. पाण्यात जागोजागी बेटे. बेटावरची माणसे काहीतरी बोलत, पण ती अक्षरे ना मराठी ना इंग्रजी, विणलेल्या चटईसारखी दिसणारी. पोरे तिला 'होडीवाला' म्हणायची, आणि म्हणताना तोंड वाकडे करायची.

रोज्यांत शब्बीर दुपारी दुकान बंद ठेवी. त्या महिन्यात त्याला दुपारची एक खेप मिळाली होती, रोजा सोडायच्या वेळेपर्यंत तो यायचा. मलिकाला दुपारी चूल नव्हती, चहा नव्हता. ती पुढच्या खोलीत जाऊन बसू लागली. फक्त शुक्रवारी नव्हे, रोजच.

एके संध्याकाळी ती कुंपणाशी आली. "तात्या, हिच्यात कुठंबी जाता येतं. मागं, पुढं, कुठंबी. एका बेटावरनं मी मडकं घेतलं. दुसऱ्या बेटावर एक बाई जाळं वाळवती, तिनं मडकं घेतलं आन दोरी दिली. दोरी कशाला दिली असंल?"

"तुला आवडला वाटतं," रत्ना म्हणाली.

"आवडला असं कुठं म्हनले मी?" मलिका पटकन म्हणाली. "नुसतं सांगते."

पण ती गेल्यावर मीच त्या दोरीचा विचार करत बसलो. दुसऱ्या दिवशी तिला विचारले, "त्या पाण्यात कोणाकडे जनावर आहे का?"

"एकाकडं शेळी हाय."

"मग त्याला देऊन बघ."

तिने दिली. शेळीवाल्याने शेळी खुंटाला बांधली, होडीत येऊन बसला आणि एका दिशेला बोट दाखवू लागला. मलिका हे सांगायला आली तेव्हा तिला धाप लागली होती. रोजा असताना पळत आली होती.

त्या गेमची एक अडचण होती. खोके बंद केले की सगळे पुसले जाई आणि होडी पहिल्या किनाऱ्यावर जाऊन उभी राही. म्हणून मलिका टीव्ही बंद करायची, पण खोके चालूच ठेवायची. त्याचा लाल दिवा दिसू नये म्हणून वर दुपट्ट्याची घडी टाकायची. शब्बीरला कळू द्यायचे नव्हते. कळले असते तर खिडकी गेली असती.

संध्याकाळी त्या सेटपाशी बसणाऱ्या पोरांना ती काहीबाही सांगून उठवायची, त्यावरून शब्बीरला कळले. त्याने तिला काहीच विचारले नाही. तो माझ्याकडे आला.

"तात्या, टेम्पोची जुनी बॅटरी हाय माझ्याकडं. लाईट गेली तरी एक लाल दिवा इझला न्हाई पायजे, असं करता येईल?"

"कुठला दिवा?"

तो मला पुढच्या खोलीत घेऊन गेला. मलिका विहिरीवर गेली होती. त्याने दुपट्ट्याची घडी उचलून दाखवली आणि परत होती तशीच ठेवली. त्या दिवसांत आमच्याकडे विजेचा भरवसा नव्हता. मी अॅडॅप्टरच्या वायरीला बॅटरीची वायर जोडली, खोके चालू असतानाच. बॅटरी बाकाखाली सरकवली.

"पोरं विचारतील की हा सेट का चालत नाही," मी म्हटले.

"बिघडलाय म्हनून सांगतो," शब्बीर म्हणाला. रमजानचे उरलेले सगळे दिवस तो एकाच सेटवर पोरांना खेळवत होता. पोरे कुरकुर करायची, भांडायची, तो ऐकून घ्यायचा.

मला एक कळत नव्हते. तिला गेम आवडल्याचे त्याला कळले होते. खोक्याकडे बोट दाखवून तो तिथल्या तिथे जिंकू शकला असता. आणि तिने ईदेला "न्हाई" म्हटले असते तर दुकान बंद करायची पाळी त्याच्यावर येणार होती. तरी तो गप्प.

दोन दिवसांनी दुपारभर वीज गेली. दुसऱ्या दिवशी मलिका कुंपणाशी आली. म्हणाली, "लाईट गेली तरी होडी हाय तिथंच हाय."

मी म्हशीपुढची वैरण सारखी करू लागलो.

ईदेला मी नवीन टोपी घालून गेलो. शब्बीरने गळाभेट घेतली, मलिकाने वाटी आणून दिली. पुढच्या खोलीत दिवसाही बल्ब लावावा लागला होता.

"सांग आता," शब्बीर म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "आवडला का एकबी?"

मलिकाने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "न्हाई म्हननार हुते मी," ती म्हणाली. "ईद असली तरी. नमाज पढताना अल्लाला सांगनार हुते की एवढं एक माफ कर, मला डोळ्याला दिसंना झालंय." तिने बाकाकडे बघितले. "मंग परवा झाडू मारताना बाकाखाली बॅटरी लागली."

शब्बीरने मान खाली घातली.

"होडीवाला," मलिका म्हणाली. "सबंध सालात तेवढा एकच. लई आवडला. जिंकलात तुमी. आता ठोका खिडकीला आनखी एक गोनपाट."

शब्बीर जिंकला होता, पण त्याचे तोंड बघवत नव्हते. "अगं, खिडकी तुला ठेव," तो म्हणाला. "मी बंद करतो दुकान."

"आन माझी होडी कुठं ठेवू?"

मी गोणपाटाकडे बघत होतो. त्याच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके आत येत होते. वर्षभर आम्ही तिघे या एका खोलीवरून बोलत होतो.

"शब्बीर," मी म्हणालो, "तुझ्या गेमला अंधार लागतो ना?"

"व्हय."

"मग उजेडाची खोली कशाला अडवलीस? अंधारी खोली मागे आहेच."

"तात्या, मागं जायचं म्हंजे पोरं घरातनं, चुलीपुढनं जानार. तिला कसं चालंल?"

"मागचे दार आहे की. माझ्या अंगणातून येऊ देत. चूल आणि मशीन दोन्ही पुढे घ्या, धूर खिडकीतून जाईल."

बोलून गेल्यावर मला घाम फुटला, कारण रत्नाला विचारले नव्हते. शब्बीर माझ्याकडे बघतच राहिला.

"आन म्हस?" मलिकाने विचारले.

"ती सरकेल थोडी," मी म्हणालो.

म्हैस सरकली नाही. ती जागेची हट्टी होती. ईदेनंतरच्या आठवड्यात चूल पुढे गेली, टीव्ही मागे गेले, होडीचे खोके बॅटरीसकट चालूच नेले, दाराची कडी तेल घालून सैल केली, आणि पोरे माझ्या अंगणातून येऊ लागली. म्हैस शिंग हलवायची तेव्हा पोरे भिंतीला चिकटून एका ओळीत उभी राहायची. कोणीतरी शोध लावला की मूठभर गवत दिले की म्हैस वाट देते. मग प्रत्येक जण येताना गवत आणू लागला. तेवढी वैरण मी त्याआधी कधी फुकट बघितली नव्हती. रत्ना आधी रागावली, मग वैरणीचा ढीग बघून निवळली.

बायका पुन्हा माप द्यायला येऊ लागल्या, मार्गासनीपर्यंतच्या. दुपारी पोरे शाळेत असताना मलिका मशीनवरून उठून मागच्या खोलीत जायची. मी कधी कधी त्या दाराशी उभा राहायचो. अजून एका बेटावर तिला उतरता येत नव्हते. होडी जवळ नेली की पाणी तिला मागे लोटायचे. ती एकेक बाजूने जाऊन बघायची.

"ह्या अंगानं बघू का, तात्या?"

"बघ की."

खिडकीचे गोणपाट शब्बीरने काढले तेव्हा तो ते फेकून देणार होता. मलिकाने ते मागून घेतले. थंडी होती. खिडकीत मशीन बसल्यावर तिने सगळ्यात आधी ते गोणपाट दुहेरी करून शिवले, कडेला लाल कापडाची पट्टी लावली, आणि कुंपणावरून माझ्या हातात दिले. म्हशीच्या पाठीवर ते बरोबर बसले. माप तिने कधी घेतले, मला माहीत नाही.