कर्नल काकांच्या घरातली खुर्ची

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीच्या मराठी ग्रुपमध्ये चार जण जमले की पहिल्या चहाला व्हिसा, दुसऱ्याला मुलांच्या शाळा आणि तिसऱ्याला कर्नल काका-काकू. मग कोणी उठायचं नाव घेत नाही. प्रत्येकाकडे त्यांचा एक तरी किस्सा आहे आणि आठवड्याला त्यात भर पडते. माझ्याकडचे थोडे सांगते. मीठमसाला लावायची गरजच पडत नाही.

काका भारतीय सैन्यातून कर्नल म्हणून रिटायर झाले, काकू मिलिटरी नर्सिंगमधून मेजर म्हणून. एकुलती मुलगी ऋचा टेक्सासला. तिने दोघांना इकडे आणलं, पण त्यांनी घर घेतलं आमच्यापासून पाऊण तासावरच्या एका खेड्यात. एक चर्च, एक पोस्ट, एक दुकान आणि हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. इथेच का, असं विचारलं तर काका म्हणतात, पोस्टिंगवर असल्यासारखं वाटतं.

*

पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा वेळ दिली होती एक. आम्ही आपल्या हिशेबाने पावणेदोनला पोचलो. टेबल पुसून लख्ख! काकूंनी हसून आत घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "जेवण एकला होतं. आता चहा चारला."

तेव्हापासून अख्खा ग्रुप पाच मिनिटं आधी पोचतो, रस्त्याकडेला गाड्यांत बसून राहतो आणि एकच्या ठोक्याला उतरतो. एका रविवारी शेजारचे वॉल्टर, वय ऐंशीच्या पुढे, टोपी हातात घेऊन काकूंचं सांत्वन करायला आले. इतक्या गाड्या ओळीने उभ्या बघून त्यांना वाटलं, काका गेले. दार काकांनीच उघडलं.

*

माझा नवरा निखिल जेवून उठला की खुर्ची तशीच मागे सोडतो. घरी मी बारा वर्षं ओरडतेय. तिथे काकू एकदाच म्हणाल्या, "निखिल, खुर्ची." तो मुकाट्याने ती आत सरकवून आला.

मी किचनमध्ये त्यांच्या मिलिटरी शिस्तीचं कौतुक करायला गेले, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. काकांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाय, डाव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसतं आणि तेही कमी होत चाललंय. म्हणून खुर्ची आत, दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे. ऋचाचं म्हणणं होतं, घर विका आणि माझ्याकडे या. या दोघांना मात्र जमेल तोवर आपल्याच घरात राहायचं होतं.

आम्ही वर्षभर तिथे जेवत होतो आणि एकालाही पत्ता लागला नव्हता!

*

घात केला तो आम्हीच. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला बारा जण गेलो आणि आपल्या पद्धतीप्रमाणे दारातच बूट काढले. बर्फातले जाडजूड बूट, चोवीस नग, पॅसेजभर पसरलेले. काका स्वागताला आले, माझ्याच बुटात त्यांचा पाय अडकला आणि ते पडले. कपाळाला सहा टाके. काकूंनी जखमेवर टॉवेल दाबून धरला आणि निखिलला गाडी काढायला सांगितली. मी नुसती बूट गोळा करत राहिले.

ऋचाने फोनवर ठणकावलं, मार्चमध्ये येतेय, घराचा निकाल तेव्हाच लावू. मला तोंड दाखवायला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी पॅसेजमध्ये भिंतीच्या कडेने जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. बूट पट्टीच्या आत, टाचा भिंतीला. काका काठी टेकवत पाहणी करत गेले आणि माझ्या जोडीपाशी थांबले. "डावा दोन इंच बाहेर," म्हणाले. मी घाईघाईने सरळ केला.

*

एकदा कोणीतरी मुद्दाम विचारलं, या घरात मोठं कोण, कर्नल की मेजर?

"कर्नल," काका म्हणाले. "पण पेशंट झाला की जनरलही नर्सचं ऐकतो."

तेवढ्यात काकूंनी त्यांच्या ताटातली दुसरी जिलबी उचलून नेली.

*

फेब्रुवारीत काकांनी दारापासून मेलबॉक्सपर्यंत, झाडांना बांधत बांधत, नारिंगी दोरी लावली. वॉल्टरनी विचारलं, कुत्रा घेतलात का? काकांनी त्यांना समजावलं, की उंचावरच्या पोस्टवर हिमवादळात एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जायला अशी दोरी असते, कारण तिथे डोळे असून काही उपयोग नसतो. वॉल्टरच्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत मात्र दोरी नव्हती. काका रोज सकाळी अंडी आणायला तिथे जायचे, दगडी कुंपणाच्या कडेने, पावलं मोजत. शहाऐंशी पावलं.

*

मार्चमध्ये ऋचाला बॉस्टनच्या एअरपोर्टवरून आणायचं काम मी मागून घेतलं. घर विकणाऱ्या एजंटचे कागद तिच्या बॅगेत होते. जेवून ती उठली आणि खुर्ची तशीच सोडून खिडकीशी गेली. काकूंनी ती आत सरकवली.

दुपारी दोनला वादळ आलं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, अंगणातलं झाडही दिसेना. तेवढ्यात वॉल्टरच्या बायकोचा फोन. वॉल्टर खुराडं बंद करायला गेले होते, अर्धा तास झाला, परत आले नव्हते. मी ९११ लावला. रस्ते बंद आहेत, वेळ लागेल, असं उत्तर आलं.

काकांनी हुकवरचं दोरीचं भेंडोळं काढलं. ऋचा आडवी आली. "बाबा, आर यू क्रेझी? मी जाते."

"तुला दिसायची सवय आहे," काका म्हणाले. "तू हरवशील."

काकूंनी दोरी त्यांच्या कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. विचारलं फक्त, "किती मिनिटं?" काका म्हणाले, वीस. तिसऱ्या पावलाला ते दिसेनासे झाले.

दोरी सरकत राहिली. काकू हळू आवाजात मोजत होत्या. शहाऐंशीला दोरी थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. ऋचाने आईचा दंड घट्ट धरून ठेवला होता आणि मी देवाचं नाव घेत होते, जे मी एरवी घेत नाही.

दोरीला दोन झटके बसले. काकू ती गोळा करत गेल्या आणि त्या पांढऱ्यातून दोन म्हातारे हातात हात घालून आले. वॉल्टर खुराड्याच्या मागच्या भिंतीला चिकटून उभे होते, चार पावलांवरचं दार न सापडून. काकूंनी घड्याळ बघितलं, "अठरा," म्हणाल्या आणि वॉल्टरचे ओले हातमोजे काढायला लागल्या.

दोन दिवसांनी रस्ते उघडले. एजंटचे कागद बॅगेतून बाहेर आलेच नव्हते. नाश्ता करून ऋचा निघाली, पॅसेजपर्यंत गेली, पिवळ्या पट्टीतले बूट उचलले आणि थांबली. बूट परत ठेवून आत आली आणि आपली खुर्ची टेबलाखाली सरकवली.

काका चहा पीत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"अजून दोन इंच," म्हणाले.

तिने सरकवली.