चार ट्रे, एक दार

सदर इसम पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गोदामात भांडारपाल या पदावर दीर्घकाळ कार्यरत असून त्याचे वर्तन समाधानकारक आहे. उंची मध्यम, बांधा बेताचा, चष्मा जवळचा. वैवाहिक स्थिती : विवाहित (दुसऱ्यांदा). ताब्यातील मालाची मांडणी, वर्गवारी व स्वच्छता यांबाबत सदर इसमाविरुद्ध आजवर कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही. अवलंबून असलेली अपत्ये : निरंक. अवलंबून असलेली मांजरे : चार. त्यांपैकी एक त्याच्या उशीवर मुतते.

गोदामात त्याला सगळे 'स्टोअरवाले' म्हणत, आणि घरी बायको चिडली की तीही तेच म्हणे. त्याच्या आयुष्याचं तत्त्व एकच होतं : एका जातीचा माल एका जागी. वॉशर वॉशरांत, व्हॉल्व्ह व्हॉल्व्हांत. डोळे बांधून आत सोडलं तरी हा हवा तो नट काढून आणील, असं गोदामात बोललं जाई. तसं कुणी करून पाहिलं नव्हतं, कारण तेवढा वेळ कुणाला नव्हता.

पहिली बायको जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर त्याने एक पँट चेन बदलायला म्हणून जवळच्या शिवणकामवाल्या बाईंकडे टाकली. चेन बदलून झाली तरी तो जात राहिला. आधी शर्टांची बटणं, मग कॉलरी, मग पडदे. घरातलं सगळं कापड दुरुस्त होऊन गेल्यावर लग्न करण्यावाचून दुसरं निमित्त उरलं नाही.

बाई आली ती शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि दोन मांजरं घेऊन. करड्या रंगाची बॉबिन जाडजूड होती आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. कापूस पांढरी, बारीक, शेजाऱ्यांकडे भांडं पडलं तरी इकडे कपाटामागे जाणारी. त्याच्याकडे आधीची दोन होती. भंगार ही एका कानाची म्हातारी, गोदामातल्या मोडीच्या ढिगात सापडलेली. आणि मुकादम. मुकादम हा थोराड, पिवळा बोका. त्याचं ऑपरेशन झालेलं होतं, पण डॉक्टरला त्याचा रुबाब काही कापून काढता आला नव्हता.

चार मांजरांची सोय त्याने स्वतः लावली. मागच्या छोट्या खोलीत भिंतीला लागून चार ट्रे, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकाच्या वर भिंतीवर चिठ्ठी : भंगार, मुकादम, बॉबिन, कापूस.

"अहो, मांजरांना वाचता येत नाही," बायको म्हणाली.

"गोदामातल्यांनाही येत नाही असंच मला वाटतं. तरी मी लावतोच."

ट्रेमधली वाळू त्याने मुद्दाम सुगंधी आणली, लव्हेंडरची. रोज संध्याकाळी कामावरून आला की कपडे न बदलता तो चारही ट्रे फिनेलने घासून काढी. खोलीला इस्पितळाच्या जिन्यासारखा वास येई, आणि त्या वासात उभं राहून तो समाधानाने बघे. मुकादमही बघे. तो खोलीच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर, पुढचे पाय जुळवून बसलेला असे.

"बघ कसा बसलाय," तो कौतुकाने म्हणे. "देखरेख करतो."

पहिल्यांदा पायपुसणं ओलं सापडलं. मग न्हाणीघराबाहेरचं फडकं. मग धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग. दर वेळी त्याने फिनेल वाढवलं. सकाळी उठून चहाच्या आधी तो घरभर वाकून हुंगत फिरू लागला. या वयात माणसं सकाळी मोकळ्या हवेवर फिरायला जातात, हे त्याला ठाऊक होतं. पण हवेवर जाऊन आल्यावरही घर हुंगावं लागणारच होतं, मग उगाच कशाला बूट घाला.

एका दुपारी त्याच्या उशीवर कापूस रंगेहाथ सापडली.

"तुझ्या कापसाला शिस्त नाही," तो म्हणाला.

"माझ्या घरी होती. इथे आल्यावर गेली."

"म्हणजे माझ्या घराचा दोष?"

"मी घराचा म्हटलं नाही."

तिने 'माझ्या घरी' म्हटलं होतं आणि त्याने 'माझ्या घराचा'. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघंही आपापल्या कामाला लागली. ती मशीनवर बसली. तो उशीचा अभ्रा बादलीत बुडवून बसला. संसार करायला आपण जरा उशीर केला, असं त्याला वाटलं. संसाराला लागणारी कंबर निराळी असते.

आणि मग कोटाचं प्रकरण झालं. एका गिऱ्हाइकाचा राखी रंगाचा चांगला कोट बाह्या आखूड करायला आला होता. नव्या नोकरीच्या मुलाखतीला घालून जायचा होता. बाह्या झाल्या, इस्त्री झाली, कोट घडी करून टेबलावर ठेवला, आणि ती दोरा आणायला खाली गेली तेवढ्यात कापसाने त्यावर आपलं काम उरकलं. तिने कोट धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. शेवटी गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून टाकलं. तो बिचारा काही बोलला नाही. कोट चिमटीत धरून जिना उतरला. पण जिन्यात त्याला कुणीतरी भेटलंच असणार, कारण त्या आठवड्यात आणखी दोघा गिऱ्हाइकांनी आपले कपडे न शिवताच परत मागवले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"अहो, मला भांडायचं नाहीये. दमलेय मी. आता माझ्या कामावर यायला लागलं. ताईची मागची खोली रिकामी आहे. रविवारी ती येऊन आम्हाला घेऊन जाईल."

"आम्हाला म्हणजे?"

"मला, मशीनला आणि माझ्या दोघींना."

"आणि मी?"

"तुम्ही येत जा की." तिने त्याच्याकडे न बघता मांडीवरचा दोरा उचलला. "पूर्वीसारखे. पँट घेऊन."

त्याच्याकडे आता फाटकी पँट एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो कापसाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. वाटभर कापूस टोपलीत अशी गप्प होती की त्याने दोनदा झाकण उघडून पाहिलं, आहे ना. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली.

"आजार काही नाही हिला. घाबरलेली आहे. घरात ट्रे किती?"

"चार," तो अभिमानाने म्हणाला.

"कुठे कुठे?"

"कुठे कुठे म्हणजे? एका ओळीत. मागच्या खोलीत."

"मग तुमच्याकडे एकच ट्रे आहे."

"चार आहेत. मी स्वतः विकत आणलेत."

"दुकानदाराच्या लेखी चार. मांजराच्या लेखी एका खोलीत ठेवलेलं सगळं एकच. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. वासाची वाळू बंद. आणि कशाने धुता?"

"फिनेल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "साध्या साबणाने धुवा. घरात जिथे जिथे ती गेलीय तिथे हे औषध लावा, म्हणजे तिचा जुना वास जाईल. फिनेलने तिला वाटतं की ही जागा आपली नाही."

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "ती बाई हिशेबात कच्ची आहे."

"तुम्ही पक्के आहात ना? मग बसा मोजत," ती म्हणाली आणि दोऱ्यांची रिळं खोक्यात भरू लागली.

मांजराच्या संडासाची जागा दिवाणखान्यात असू शकते, हे त्याला मान्य होण्यासारखं नव्हतं. उद्या कुणी म्हणेल, व्हॉल्व्ह पण पसरून ठेवा, एकेक प्रत्येक खोलीत, म्हणजे व्हॉल्व्हांना बरं वाटेल. औषधाची बाटली त्याने कपाटात ठेवून दिली.

कारखान्यात त्या दिवसांत ऑफिसच्या छताचं काम चाललं होतं, म्हणून मॅनेजरने आपलं टेबल तात्पुरतं मागच्या बोळात हलवलं होतं. बोळाच्या टोकाला कामगारांचे संडास होते. मॅनेजर कुणाला अडवत नव्हता. येणाऱ्याकडे नुसता मान वर करून बघायचा. फार तर विचारायचा, "ते स्टॉकचं कुठवर आलं?" तेव्हापासून स्टोअरवाले जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळ काढत आणि मग रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जात.

तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी नळाशी त्यांना गोदामाचा फोर्कलिफ्टवाला भेटला.

"काका, तुम्हीपण?"

"का, मला पोट नाही का?"

"तसं नाही हो. तुम्ही म्हणजे साहेबाच्या मर्जीतले. तुम्हाला कसली भीती?"

"आपल्याकडचे खराब आहेत का रे?"

"छे! चकाचक आहेत. कुणी जातच नाही तर घाण कोण करणार? ओळीने चार रिकामे."

"मग?"

"मग काय! तो बसलाय ना दारात. आत शिरायच्या आधीच माणूस विसरतो कशाला आलो होतो ते." फोर्कलिफ्टवाल्याने हात झटकले. "परवा तो पॅकिंगवाला कंपाउंडच्या भिंतीमागे जाऊन आला. चांगला शिकलेला माणूस."

तो हसत निघून गेला. स्टोअरवाले नळाखाली हात धरून तसेच उभे राहिले. पंपावरच्या माणसाने येऊन नळ बंद केला, तेव्हा ते भानावर आले. मॅनेजर नुसता बघायचा. मुकादमही नुसता बघायचा.

त्या संध्याकाळी त्याने कपडे न बदलता मागच्या खोलीत जाऊन ट्रे उचलले. एक दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवला. ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. एक शिवणाच्या टेबलापलीकडच्या कोपऱ्यात. एक झोपायच्या खोलीत, भिंत आणि पलंगाची त्याची बाजू यांच्या मधे, म्हणजे आता उठताना पाय कुठे टाकायचा हे आधी बघावं लागणार होतं. एक जुन्या जागी राहू दिला. पाचवा नवा आणला होता, तो गॅलरीच्या दाराशी. साधी, बारीक, बिनवासाची वाळू सगळ्यांत भरली. औषध काढून उशी, गादी, पायपुसणं, टेबलाचे पाय पुसले. फिनेलची कॅन इमारतीच्या जिन्यासाठी देऊन टाकली. शेवटी भिंतीवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. त्यांच्याबरोबर थोडा रंगही निघाला.

बायको दारात हाताची घडी घालून उभी होती.

"स्टोअरवाले, दिवाणखान्यात?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"लोक येतात कुठे आता?"

"माझ्यासाठी चाललंय का हे सगळं?"

"कापसासाठी." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "तू तर रविवारी चाललीस."

तिने रिळांचं खोकं दोरीने बांधलं.

मुकादमाचे ते दिवस वाईट गेले. तो सोफ्याशी जाऊन बसे, तर झोपायच्या खोलीतून वाळू उकरल्याचा आवाज येई. तिकडे धावे, तर गॅलरीपाशी बॉबिन निवांत बसलेली. पाच जागांवर देखरेख करणं कुठल्याच मुकादमाच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी त्याने कपाटावर चढून अंग टाकलं, आणि जरा वेळाने त्याचं घोरणं ऐकू येऊ लागलं. कापूस मात्र कपाटामागेच होती. कुठला तरी ट्रे ती वापरत असणार, पण तिला तसं करताना कुणी पाहिलं नव्हतं. उशी कोरडी राहिली.

"धरून बसली असेल भीतीने," बायको म्हणाली. "दोन दिवस उशी कोरडी म्हणजे काही खरं नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्याने वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं.

रविवारी ताई आली. ताई बायकोची थोरली बहीण, आवाजाने इमारतीच्या फाटकापासून ओळखू येणारी. दोन्ही हातांत दोन झाकणाच्या टोपल्या.

"काय जावईबापू! घामाघूम झालात? मशीन उचलायला माणूस आणलाय मी, तुम्ही हात नका लावू." ती सोफ्यावर टेकली आणि बाजूला बघून दचकली. "अगं बाई, हे काय? मला वाटलं कुंडी आहे."

"ट्रे आहे," तो म्हणाला.

"दिवाणखान्यात? धाकटे, बरं झालं मी आले ते. चल आवर, खाली टेम्पोवाला थांबलाय."

धाकटी आवरत होती. तिने मशीनवर कापड टाकलं, टेबलाचा खण ओढून पाहिला, परत ढकलला. तो भिंतीला टेकून उभा होता. पुढे होऊन खोकं उचलावं तर आपणच तिला घालवल्यासारखं होईल, आणि न उचलावं तर आडमुठेपणा. म्हणून तो नुसता उभा राहिला.

तेवढ्यात कपाटामागून कापूस बाहेर आली. आधी नाक, मग कान, मग सगळी. ताईचा आवाज, उघडं दार, टेम्पोचा हॉर्न, यांतलं एकेक तिला आठवडाभर लपवून ठेवायला पुरेसं होतं. तिने वर पाहिलं. कपाटावर मुकादम जागा झाला होता आणि बघत होता. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं. निसटायचं झालं तर वाटा होत्या. मग ती सावकाश सोफ्यापाशी आली, ताईच्या पर्सला वळसा घालून ट्रेमध्ये चढली, वाळू उकरली, एकदा गोल फिरली आणि बसली.

कुणी हललं नाही. ताईने आपले पाय हळूच वर घेतले. कापसाने काम उरकलं, वर वाळू लोटली, जरा जास्तच लोटली, थोडी ताईच्या चपलेत गेली, आणि ती उतरून टेबलाखाली जाऊन अंग चाटत बसली. मुकादमाने जांभई दिली.

"पाहुण्यांसमोर?" ताई म्हणाली.

बायको मशीनच्या स्टुलावर बसली होती. कधी बसली ते त्याला कळलं नाही. "ताई, चहा घेशील ना?"

"घेईन की. घेऊन निघू."

"चहा घे. आणि टोपल्या तेवढ्या परत घेऊन जा."

"म्हणजे? मी खोली झाडून ठेवलीय! टेम्पोवाला खाली आहे!"

"त्यालाही चहा घे म्हणावं वर येऊन."

"एका मांजरीने मुतलं म्हणून तू राहणार?"

"हो," ती म्हणाली आणि आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला.

"वेड लागलंय तुम्हा दोघांना," ताई त्याला म्हणाली.

त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, चांगलं, प्रसंगाला शोभेल असं. पण वास सुटला होता, आणि ताईने नाकाला रुमाल लावला होता. तो पुढे झाला, खोरं घेतलं आणि चहा बाहेर यायच्या आत ट्रे साफ केला.