माल्खाजचं नाव

काखेती या वाइनच्या मुलखात जुंबेरची गाडी ओळखत नाही असा द्राक्षमळा शोधून सापडायचा नाही. एकसष्ट वर्षांचा हा गडी रोज सकाळी तेलावीहून पाहुणे घेऊन निघतो, चार घरांची वाइन त्यांना चाखवतो आणि स्वतः थेंबाला न शिवता संध्याकाळी सगळ्यांना सुखरूप परत आणतो. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. भावाचा विषय निघाला की मात्र तोंडाला कुलूप.

धाकटा भाऊ माल्खाज सुखुमीच्या लढाईवर गेला त्याला तीस वर्षं झाली. ना पत्र आलं, ना प्रेत. काखेतीत जेवणाला बसलं की एक प्याला अजून घरी न परतलेल्या, वाटेवर असलेल्यांसाठी उचलतात आणि एक गेलेल्यांसाठी. गेलेल्याचं नाव घेऊन पावावर वाइन ओतायची. जुंबेर माल्खाजला कायम वाटेवरच्यांत धरायचा. त्याचं नाव पावावर पडलं तर घरी बसलेली म्हातारी आई, त्सिआला, त्याच दिवशी प्राण सोडेल, अशी त्याची खात्री होती.

परवा ऑक्टोबरात कुताइसीच्या चार मास्तरणी आल्या. गाडी हलली आणि सीटचा पट्टा न लावल्याची पीं-पीं सुरू झाली. चौघींनी पट्टे लावलेले होते. आवाज मागच्या रिकाम्या सीटचा होता.

"काका, मागे कोण बसवलंय हो?" नातेला मास्तरणीने हसत विचारलं.

"उंदीर असेल. फुकट्या मेला!"

जुंबेरने मागे जाऊन रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला. आवाज थांबला. घाट उतरताना मागे खट्‌कन वाजलं आणि पीं-पीं पुन्हा सुरू. पट्टा सुटून पडला होता. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. मग मास्तरणींचंही हसू आटलं.

तिसऱ्या घरी घरधनीण क्सेनियाने मांडवाखाली सहा प्याले मांडले.

"आम्ही पाचच आहोत, वहिनी."

"आणि मागून उतरला तो? हात धुवायला गेला ना? केवढा भुकेजलेला दिसत होता बिचारा!"

विहिरीपाशी कोणी नव्हतं. दोर तेवढा हलत होता आणि वारा अजिबात नव्हता.

क्सेनियाच्या नवऱ्याने गेलेल्यांसाठी प्याला उचलला. ड्रायव्हरला पिणं वर्ज्य, पाव भिजवायला हरकत नाही. जुंबेरने वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं आणि पाठोपाठ जिभेवरून निसटलं, "माल्खाज." वाइन पावात मुरलीसुद्धा. आपल्या हातांनी आपण भावाला मारलं, असं जुंबेरला वाटलं, आणि आता आईची पाळी.

परतताना मागचा पट्टा एकदाही वाजला नाही. त्या शांततेने तो सकाळपेक्षा जास्त घाबरला.

मास्तरणींना सोडून तो धावत घरात शिरला. आई चुलीपाशी अक्रोड फोडत होती. जिवंत, धडधाकट.

"आई, माझ्या हातून पाप झालं. माल्खाजचं नाव मी गेलेल्यांत घेतलं."

"किती वाजता?"

"तीनच्या सुमाराला."

"तरीच. तेव्हा आपलं फाटक वाजलं. निरोप घेऊन गेला असणार तो." तिने अक्रोड खाली ठेवला. "वीस वर्षं चर्चमध्ये त्याची मेणबत्ती मी मेलेल्यांच्या जागी लावते रे. साऱ्या गावाला माहीत आहे. तुझ्या कानावर घालायचं नाही, असं मीच बजावलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी रडलाच नाहीस. तुला पेलणार नाही वाटलं."

"मग इतकी वर्षं तो होता कुठे?"

"तुझ्याबरोबर. तू धरून ठेवल्यावर जाणार कसा तो?"

एकसष्ट वर्षांचा जुंबेर आईच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरासारखा ढसाढसा रडला.