मोरपंखी न्हाणी

मागच्या हिवाळ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, विहिरीजवळच्या आंघोळीच्या दगडावर घसरून पडले. हात मोडला, कंबर थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पुन्हा पडले तर उठायचे नाहीत, आंघोळ घरातच करा. घरात पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम होतंच. पण मामाजी ऐकतील तर शप्पथ! "दवाखान्यावानी दिसते ते. मी नाही जात," म्हणाले, आणि प्लास्टर उतरताच बादली घेऊन पुन्हा दगडावर.

मीही काही कमी हट्टी नाही. म्हटलं, तुम्हाला जुनं हवं ना, जुनंच देते. माझ्या माहेरी, अर्जुनीला, लाल कोब्याची न्हाणी होती. तशीच करायची ठरवली. गोंदियाहून मिस्त्री बोलावला.

"मॅडम, ये सब तो पुराने लोग लगाते थे," तो म्हणाला.

"पुराने आदमी के लिए ही बना रहे हैं. चलो, टाइल्स तोडो!"

लाल कोबा झाला, घसरायला नको म्हणून जरा खरखरीतच ठेवला. पितळी नळ आले. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून खाली आलं. आणि भिंती मोरपंखी! गडद, डोळ्यांत भरणाऱ्या. नवरा म्हणाला, "ही न्हाणी आहे की लग्नाचा मांडव?" मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ आत." खरं सांगते, हातातली कामं टाकून मी उगाचच तिच्या दारात जाऊन उभी राहायची. इतकी ती मला आवडली होती.

मामाजींनी पाहिली. कोब्यावर तळपाय घासला, घंगाळ वाजवून बघितलं. "मस्त झाली वो," म्हणाले. मी हवेत! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, म्हातारा बादली घेऊन निघाला दगडाकडे.

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, आता काऊन? काय कमी आहे आत?"

"कमी काई नाही. पर पानी कुठं जाऊन राहिलं, बाई?"

"कुठं म्हणजे? पाइपातून शोषखड्ड्यात."

"अन् कोचईले कोन देईन?"

दगडामागे, न्हाणीच्या भिंतीपलीकडेच, अळूचा वाफा आहे, आमच्याकडे अळूला कोचई म्हणतात. मामाजींच्या आंघोळीचं पाणी पाटानं तिथं जातं. वाफा सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्या, कोचई राहिली. शिवाय हे तलाव बांधणाऱ्यांचं घराणं, वाया जाणारं पाणी बघून मामाजींचा जीव वर-खाली होतो. आम्ही रंग निवडला, नळासाठी दुकानं पालथी घातली, आणि पाणी कुठं जाणार हे कुणी विचारलंच नाही. माझा राग कुठच्या कुठं गेला.

मिस्त्रीला परत बोलावलं. माझी मोरपंखी भिंत तो खालून फोडत होता तेव्हा जीव तुटत होता, पण पाइप थेट वाफ्याच्या पाटात काढला. वरून रंग लावला, छटा काही जुळली नाही. ठिगळ दिसतं, दिसू दे.

मग मामाजी आत गेले. नवरा दाराशी थांबला, मी मागे कोचईत उभी. आतून हाक आली, "आलं का वो पानी?"

साबणाचं फेसाळ पाणी पाइपातून निघालं, पाटानं वळलं, पानांच्या बुडाशी पोचलं.

"आलं, मामाजी!"

आत घंगाळात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पोराले सांग, आनखी एक बादली गरम पानी आन म्हना. आज पाठ घासतो."