बेचाळीस नंबरची देवी

हैदराबाद दाखवा म्हटलं की लोक चार मिनारांपाशी जाऊन उभे राहतात. जावं त्यांनी. मी मात्र ज्या हैदराबादेत वाढले, नोकरी केली, संसार केला, त्याच्या कडा बघायला निघायचे. दर रविवारी सकाळी नारायणगुड्याहून लुना काढायची, तारनाका मागे टाकायचा आणि सिटी बस जिथे वळून परत फिरते तिथून पुढे जायचं. गळ्यात कॅमेरा. तिथे काय होतं? अर्धवट बांधलेल्या भिंती, वीटभट्ट्या, म्हशी, ज्वारीच्या ताटांमध्ये उगवलेला केबल टीव्हीचा पहिला खांब. मला ते सगळं फार देखणं वाटायचं, अजूनही वाटतं. पुण्याहून आलेल्या नणंदेनं एकदा अल्बम चाळून विचारलं, "वहिनी, यात बघायचं काय?" मी म्हटलं, "तुला दिसत नसेल तर सांगून उपयोग नाही." तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहेच, त्यात थोडी भर पडली.

देश खुला झाला असं म्हणत होते, तेच हे दिवस. आमच्याकडे तो जमिनीवरून कळला. आज शेत, उद्या चुन्यानं रंगवलेले दगड, परवा प्लॉट पाडून 'लेआउट'. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एका मोठ्या कडुनिंबाभोवतीही असंच झालं. खेड्यातल्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन तिथेच बसची वाट बघत बसायच्या, कारण मैलभरात दुसरी सावली नव्हती. त्या झाडाचे मी किती फोटो काढले असतील! एका रविवारी बुंध्याशी पांढरा दगड दिसला, त्यावर लाल रंगात बेचाळीस. त्याचाही फोटो काढला. वॉचमन म्हणाला, इथून रस्ता जाणार, झाड पडणार. मला इतका राग आला की त्या दिवशी पुढे गेलेच नाही, तशीच घरी परतले.

घरात चिडचिड केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कोणतं झाड गं एवढं? मला दाखव तरी." त्या नांदेडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्नानंतर शहरात आल्या, पण हद्द, बांध, विहीर हे शब्द त्यांच्या तोंडी रोज असायचे. पुढच्या रविवारी त्यांना मागे बसवून नेलं. वाऱ्यानं चष्मा पडेल म्हणून तो त्यांनी घरीच ठेवला होता.

लांबूनच त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबव, थांबव. हद्दीवरची देवी आहे बघ, कडुनिंबाखाली. अशीच कशी पुढे जातेस?"

पांढरा दगड, त्यावर लाल. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या उतरून झाडाखाली पोचल्यासुद्धा. बटव्यातली हळदकुंकवाची पुडी काढली, दगडाला वाहिली. मग आमचा डबा उघडला, दहीभाताचा घास कडुनिंबाच्या पानांवर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. कुंकू नेमकं आकड्यावरच माखलं होतं.

बसची वाट बघणाऱ्या बायका हे सगळं बघत होत्या. आता तेलंगणात कडुनिंबाखाली दगड, त्याला हळद आणि पुढे दहीभात, म्हणजे कोण हे कुणी सांगावं लागत नाही. "पोचम्मा," एकजण गावदेवीचं नाव घेत म्हणाली आणि दुसरीनं पाटी खाली ठेवून चप्पल काढली. मी गप्प राहिले. तोंडाळ बाई, आयुष्यात प्रथमच.

पुढच्या खेपेला दगडाला डोळे बसले होते, चांदीसारख्या पत्र्याचे. त्यापुढच्या खेपेला भोवती विटांचा ओटा झाला. लेआउटवाल्यांची माणसं झाड तोडायला आली, तेव्हा त्याच बायका दगडापुढे बसून राहिल्या. मी परतताना वाटेत लुनावर एकटीच हसत होते.

मग एका संध्याकाळी लेआउटचा दलाल आमच्या दारात हजर. वॉचमनला मी मागे त्याचा स्वतःचा एक फोटो दिला होता, त्या पाकिटावर आमचा पत्ता होता. दार सासूबाईंनी उघडलं.

"अम्मा, तुम्हारी बहू के पास उस पत्थर का पुराना फोटो है बोले. नंबरवाला. गाँव के बड्यां को दिखाना है, फिर हटाने देते वो लोगां. मेहरबानी करो जरा."

मी आतल्या खोलीत, हातात अल्बम. फोटो त्यात होता, लख्ख, बेचाळीस आकड्यासकट. तो त्याच्या हाती गेला असता तर आठवड्यात झाड आडवं झालं असतं. नाही म्हणायला मी बाहेर निघाले, पण त्याआधीच सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

"हमारी बहू तसवीरां उतारती. गवाही नईं देती. जाओ अब."

दार लागलं. मी आत उभ्या उभ्या फुलून गेले. शेजाऱ्यांना आजवर त्या 'सूनबाई रविवारी क्लासला जाते' असं सांगत आल्या होत्या.

आत येऊन त्यांनी हात पुढे केला. "दाखव." फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"आकडाच आहे की गं."

"हो."

"तुला ठाऊक होतं? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही हात जोडले होते, आई."

त्या चहा टाकायला उठल्या आणि त्या दिवशी माझ्या कपात साखर जरा जास्तच पडली.

लेआउटवाल्यांनी शेवटी नकाशा बदलला. आषाढात गावच्या बायका डोक्यावर बोनालूची, देवीच्या नैवेद्याची मडकी घेऊन झाडाखाली आल्या, तेव्हा आम्ही दोघीही गेलो. दगडावर काय लिहिलंय हे पुरतं ठाऊक असलेल्या माझ्या सासूबाईंनी त्या गर्दीत उभं राहून पुन्हा हात जोडले. मी फोटो काढला. माझ्या इतक्या फोटोंपैकी भिंतीवर तो एकच आहे. आलेला माणूस विचारतो, ही कोणती देवी? मी दगडाकडे नाही, शेजारच्या नऊवारीकडे बोट दाखवते आणि सांगते, या माझ्या सासूबाई, यांनी हैदराबादचा एक रस्ता वाकवला.