दुकान वाढवलं

आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. भरताना कच्चकन आवाज झाला तरी 'फुटली' असं तोंडातून काढायचं नाही. 'वाढली' म्हणायचं आणि दुसरी घ्यायची. समोर बसलेल्या बाईचं सौभाग्य त्या काचेत असतं, निदान तिच्या सासूचं तरी तसं म्हणणं असतं. देवापुढचा नारळसुद्धा आपण वाढवतो. आणि संध्याकाळी शटर ओढताना दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. हे सगळं मी सासूबाईंकडून शिकले आणि दुकानही त्यांच्याकडूनच माझ्याकडे आलं. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बांगड्यांचं तेवढं एकच दुकान, आणि ते चालवणारी मी एकटी. माझी जीभ तिखट आहे हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण जी गोष्ट सांगतेय ती मी एकदाच गोड बोलले, त्या दिवसाची आहे.

माझ्या शेजारी साड्यांचं मोठं दुकान आहे. त्याचे मालक आमच्या गल्लीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. नाव घेणार नाही, उगाच फुकटची प्रसिद्धी कशाला? पांढरेशुभ्र कपडे, हसरा चेहरा आणि वाक्यागणिक 'ताई'. माझ्या गाळ्यावर त्यांचा डोळा फार जुना. मधली भिंत पाडली की त्यांचं गोडाऊन तयार, असा साधा हिशोब. सासूबाई होत्या तोवर त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या गेल्या आणि मागोमाग कोरोना आला, तेव्हा त्यांना वाटलं असावं की आता वेळ आपली आहे.

वेळ त्यांची होतीच म्हणा. माझा धंदा हात हातात घेऊन करायचा. बाईचा पंजा दाबून, अंगठा आत मुडपून, तिला गप्पांत गुंतवून काच मनगटावर चढवायची. त्या दिवसांत कोण कुणाच्या हाताला हात लावत होतं? लग्नं घरातल्या घरात उरकली. हळदीकुंकू नाही, डोहाळजेवण नाही, यात्रेकरू नाहीत. ज्यांच्या हातात मीच हिरवा चुडा भरला होता, त्यांतल्या काहींच्या बांगड्या त्या दोन वर्षांत वाढवल्या गेल्या. त्या मला रस्त्यात भेटल्या की हात पदराखाली घेत. मला तेव्हा धंद्याचं नाव काढायचीही लाज वाटायची. नंतर बायका यायला लागल्या त्या मास्क लावून, माझ्या हातावर आधी सॅनिटायझर ओतून. हसू नका, सॅनिटायझरने बांगडी साबणापेक्षा छान सरकते.

त्याच काळात अध्यक्ष एकदा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, देऊन टाका आता गाळा. बायका काही परत हात देणार नाहीत तुमच्या हातात." सहानुभूतीने म्हणाले, हे विशेष. मी ते वाक्य जपून ठेवलं.

मग एक दिवस बातमी आली की कोरोनात बसलेल्या बाजारगल्ल्यांना उभं करायला निधी येतोय. रस्त्याला पेव्हर ब्लॉक, दिवे, बसायला बाकडी. गल्ली देखणी झाली की गिऱ्हाईक रेंगाळेल, रेंगाळलं की काहीतरी घेईल. मला ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू? गंगापूर रोडच्या चकचकीत दुकानांत जाणाऱ्या पोरी आमच्या चिखलात कशाला येतील, असं मीच म्हणायचे. काम कसं करायचं ते मंडळाने ठेकेदाराला सांगायचं होतं, म्हणजे अध्यक्षांनी. बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ताईंच्या उंबऱ्याला लागून एकदम सपाट करायचं. म्हाताऱ्या बायका येतात त्यांच्याकडे." मी इतकी खूश झाले की काम चाललं तेव्हा मजुरांना दोन्ही वेळचा चहा माझ्याकडून गेला.

चहा पिऊन त्यांनी माझी कबर खणली. जुना रस्ता न उकरता त्यावरच भर टाकली आणि भरीवर ब्लॉक बसवले. गल्ली वर आली, माझं दुकान खाली गेलं. साडीवाल्यांच्या दारापुढे मात्र त्याच ब्लॉकचा रुंद ओटा उठला, त्यांच्या पायरीशी अगदी जुळणारा. आणि उतार? उतार त्यांच्या दारापासून सुरू होऊन माझ्या दारात संपत होता. मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "अध्यक्षांनी दाखवलं तसं केलंय, मावशी." समोर फुलवाली बसते. तिने दुपारी फुलांवर पाणी शिंपडलं तरी ते वाहत माझ्याकडे यायचं. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. खालच्या फळीवरची खोकी भिजून लगदा झाली, सोनेरी वर्खाच्या बांगड्या काळ्या पडल्या. मी मोरीत बसून धंदा करत होते.

निफाडकडची एक जुनी गिऱ्हाईक बाई लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला आली. तिच्या लग्नाचा चुडा सासूबाईंनी भरलेला, इतकी जुनी. दारात उभी राहून तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, या खड्ड्यात उतरायचं कसं? माझा गुडघा लय दुखतो. नाय जमायचं गं." मी हात दिला, पण तिची हिंमत होईना. शेजारच्या ओट्यावरून अध्यक्षांनी हाक मारली, "या मावशी, इकडं बसा, चुडा इथंही मिळतो." त्यांनी काचेच्या कपाटात तयार चुड्यांचे डबे मांडले होते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. बाई माझ्याकडे न बघता तिकडे गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. भूक होती, पण घास रागाने गिळवेना.

सकाळी मी त्यांच्या दुकानात गेले आणि सरळ विचारलं. ते हसले. "ताई, विकास म्हटला की थोडं वरखाली होणारच." मला तेव्हा त्यांच्या हातातला कापड मोजायचा गज त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला. घातला नाही एवढंच.

पावसाळा सरल्यावर उद्घाटन ठरलं. ज्या कार्यालयाने निधी दिला तिथले एक मोठे साहेब येणार होते. साहेब परप्रांतातले, मराठी नेटाने शिकलेले, पण पुस्तकातून. मंडपात बोलायला एक महिला व्यावसायिक हवी होती आणि गल्लीत स्वतःचा गाळा असलेली बाई मी एकटीच. अध्यक्ष स्वतः सांगायला आले, "ताई, दोनच शब्द बोला. आभार वगैरे." माइकसमोर ही बाई घाबरेल अशी त्यांची खात्री होती. मी हो म्हटलं आणि आठवडाभर शिव्या पाठ केल्या. सभ्य, असभ्य, दोन्ही. मोठ्या माणसांसमोर यांना उघडं पाडायचं आणि मग गाळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, इथवर मनाची तयारी झाली होती.

त्या दिवशी साहेबांसाठी पहाटे टँकर लावून गल्ली धुतली होती. ते पाणी कुठे गेलं हे वेगळं सांगायला नको. मी शटर अर्धं ओढून, साडीचा काठ पिळून मंडपात जाऊन बसले. हारतुरे झाले. मग कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, वाढवा नारळ!" आणि अध्यक्षांनी नारळ वाढवला. तो आवाज ऐकला आणि माझ्या आठवडाभराच्या सगळ्या शिव्या मला एकदम बाळबोध वाटायला लागल्या. एवढा चांगला शब्द घरात असताना मी बाहेर कशाला शोधत होते?

मी उठले, नमस्कार केला. आवाज इतका मऊ काढला की माझा मलाच ओळखू येईना. "साहेबांनी निधी दिला, अध्यक्षांनी कष्ट घेतले. आमच्या सासूबाईंनी हे दुकान जन्मभर चालवलं, पण त्यांच्या हातून ते कधी वाढलं नाही. कोरोना आला, त्यालासुद्धा ते वाढवता आलं नाही. अध्यक्षांनी मात्र जातीने लक्ष घालून एका पावसाळ्यात माझं दुकान वाढवलं. देवाने त्यांचंही दुकान असंच वाढवावं, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढवावं."

फुलवालीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिच्या मागची अख्खी रांग खांदे हलवायला लागली. अध्यक्षांचं हसू जागेवर होतं, पण त्यातला जीव गेला होता. साहेब तेवढे मनापासून टाळ्या वाजवत होते. बिचारे खुर्चीतून उठून म्हणाले, "अतिशय आनंद झाला. किती वाढले आहे दुकान? मला पाहायचे आहे."

"साहेब, जेवण गार होईल," अध्यक्ष म्हणाले.

"होऊ द्या. याच कारणासाठी तर निधी दिला."

मी पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे घाम पुसणारे अध्यक्ष आणि सगळी गल्ली. मी शटर वर केलं. साहेबांनी उत्साहाने पाय आत टाकला, तो थेट घोट्यापर्यंत पाण्यात. एक खोकं तरंगत त्यांच्या बुटाला येऊन लागलं. त्यांनी वर गल्लीकडे पाहिलं, शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"हेच वाढवलेलं दुकान, साहेब."

साहेब माणूस पुस्तकी होता, मूर्ख नव्हता. गल्ली का हसते आहे हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी मला नाही विचारलं. अध्यक्षांकडे वळून शांतपणे म्हणाले, "आपण सांगा. दुकान वाढवणे म्हणजे मराठीत काय?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. फुलवालीने पदर तोंडातून काढला होता, तिला उत्तर चुकवायचं नव्हतं. पाण्यात उभ्या साहेबांना शेवटी त्यांनी सांगितलं, "बंद करणे, साहेब." आवाज बसलेला होता, म्हणून साहेबांनी पुन्हा विचारलं आणि त्यांना ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर मराठी ऐकलेलं नाही.

दिवाळीआधी ठेकेदाराची माणसं परत आली. माझ्या दारापुढची भर उकरली, उतार बदलला, आणि पाण्याला वाट द्यायची म्हणून शेजारचा ओटा तोडला. हातोडा पडत होता तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसले होते. दुसरं कामच नव्हतं मला त्या दिवशी. या वेळी मजुरांना चहाबरोबर भजीही गेली. निफाडची बाई धाकट्या लेकीला घेऊन आली, सपाट चालत आत आली आणि तिने माझ्या हातात हात दिला. मी तिच्यावर रागावले नाही. माझा राग एकाच माणसाचा आहे, त्यातला वाटा मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

लोक म्हणतात, झालं ना मनासारखं, आता सोडून द्या. मी का सोडू? माझ्या सासूबाईंचं दुकान बुडवायला निघालेला माणूस मला रोज शेजारी दिसतो. मी फक्त एवढंच करते की रोज संध्याकाळी, ते कुलूप लावायला वाकले की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय दादा, वाढवलं का दुकान?" शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारायचा साधा प्रश्न. पूर्वी ते 'हो ताई' म्हणायचे. आता कुलूप त्यांच्या हातात अडकतं आणि फुलवाली उरलेल्या गजऱ्यांवर पाणी मारता मारता हसते.

परवा त्यांचा धीर सुटला. किल्ली मुठीत धरून माझ्या दारापर्यंत आले आणि अगदी हळू म्हणाले, "ताई, रोज तेच. दुसरा शब्द नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना दादा," मी म्हटलं, "पण तो अशुभ असतो."