आतून कडी लागणारी खोली
चुन्याच्या फक्कीचा कोरडा वास आला की मला वाशीममधला आमचा रिकामा प्लॉट आठवतो. त्या सकाळी मिस्त्री काळ्या मातीवर फक्कीने नव्या घराच्या खोल्या आखत होता. शेतातली सोयाबीनची पोती ठेवायला मला तळघर हवं होतं, पण त्याने साफ नाही म्हटलं. "भाऊ, काळी जमीन हाय. पावसाळ्यात खाली पाणी भरन." मग मी पोती आईच्या खोलीत ठेवायचं ठरवलं, एका कोपऱ्यात तिची खाट बसत होती. तेवढ्यात आईच आली. चपला बाहेर काढून, दारासाठी सोडलेल्या जागेतूनच ती आत शिरली आणि एकेक खोली पाहत तिच्या खोलीच्या जागी येऊन थांबली. "अन् हे काय?" "तुही खोली. पोते बी इथंच राहतीन," मी म्हणालो. ती म्हणाली, "जलमभर पोत्याईजवळच निजली मी. आता मले आतून कडी लावता येईन, अशी एक खोली पाह्यजे." तिने याआधी कधी काही मागितल्याचं मला आठवेना. मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. पुढची खोली मी माझ्या पुस्तकांसाठी ठेवली होती, ती पोत्यांना दिली. घर बांधून झालं. राहायला गेलो त्याच दुपारी आईने जेवण उरकून आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि मी उगीचच बाहेर घुटमळत राहिलो. अजूनही ती रोज दुपारी तासभर दार लावून बसते. आत काय करते, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.